येऊ का, असं तिनं विचारलं होतं

"काका, पोटातलं पाणी आपण तपासायला पाठवलं होतं. त्यात कॅन्सरच्या पेशी आल्यात."

डॉक्टर मॅडमच्या आणि माझ्या मध्ये प्लॅस्टिकचा पडदा टांगलेला होता. त्यांच्या तोंडाला दोन मास्क होते. मी म्हटलं, परत सांगा. त्यांनी परत सांगितलं, तेच, त्याच आवाजात. मग कागदावर पोटाचं चित्र काढून दाखवलं. ओव्हरीचा, म्हणजे अंडाशयाचा कॅन्सर. स्टेज थ्री, म्हणजे जिथं सुरू झाला तिथं न थांबता पोटाच्या आतल्या अस्तरावर पसरलेला. पोटात पाणी साठतं त्याला असायटिस म्हणतात. आम्ही त्यालाच तीन महिने गॅस म्हणत होतो.

माझी बायको शालन बाहेर पायरीवर बसली होती. कोरोनाची पहिली लाट जोरात होती आणि आत एकालाच सोडत होते. ती म्हणाली होती, तुम्हीच जावा, तुमास्नी त्यातलं कळतंय.

मला कळतंय ते जनावरांचं. मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो. निम्मी नोकरी गारगोटीला आणि निम्मी कोडोलीला. गावात सगळे डॉक्टर म्हणायचे आणि मीही कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. म्हशीच्या डोळ्यात बघून ताप सांगणारा माणूस मी. राजारामपुरीत, एकाच घरात, एकाच ताटासमोर बसणारी बायको निम्मी भाकरी टाकून उठत होती, ते मला दिसलं नाही.

बाहेर आलो. काय सांगायचं ते जिन्यात ठरवत होतो. पोटात पाणी झालंय, औषधानं उतरेल, असं काही तरी. शालननं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "बोर्ड वाचलाय मी. कॅन्सरचा दवाखाना हाय ह्यो."

मी तिच्या शेजारी बसलो. मध्ये एक पायरी सोडून बसा, असं वॉचमन सांगून गेला. आम्ही बसलो तसेच. मग ती जे बोलली, त्यावरून पुढचं सगळं झालं.

"स्नेहलला कळवायचं न्हाय. ओली बाळंतीण हाय."

स्नेहल आमची एकुलती एक मुलगी. जर्मनीत असते. बारा दिवसांपूर्वी तिला मुलगी झाली होती.

पहिलं बाळंतपण माहेरचं. ती इकडं येऊ शकत नव्हती, म्हणून आम्ही तिकडं जायचं ठरलं होतं. व्हिसा आले होते. शालननं डिंक तळून ठेवला होता, आळीव निवडून ठेवले होते, जुन्या सुती लुगड्यांची दुपटी शिवली होती. सगळं एका निळ्या बॅगेत भरलेलं. मग विमानं बंद झाली. बॅग कपाटावर गेली. त्यानंतर शालनचं जेवण उतरलं आणि आम्ही समजलो, लेकीचा घोर लागलाय. पोट फुगलं तेव्हा मी तिची चेष्टा करत होतो. परकराची नाडी पुरेना म्हणून ती नवी ओवत बसली होती आणि मी विचारलं होतं, बाळंतीण तिकडं हाय का इकडं? ती हसली होती. ते हसणं मला अजून झोपू देत नाही.

तुमच्या घरात पन्नाशीच्या पुढची बाई असेल आणि तिचं पोट दोन-तीन आठवडे फुगलेलं राहत असेल, चार घासांत पोट भरत असेल, लघवीला सारखं जावं लागत असेल, तर चेष्टा करू नका. सोनोग्राफी करा. हे मी आधी सांगून टाकतो, कारण हे सांगणं सोपं आहे. मला खरं सांगायचंय ते दुसरंच.

बाळंतिणीला वाईट बातमी सांगू नये, दूध आटतं. ही समजूत आमच्याकडं सगळ्यांची आहे. पण शालनपेक्षा ती मी जास्त घट्ट धरली, कारण मला वाटत होतं की मी ते डोळ्यांनी बघितलंय. म्हैस बिथरली की पान्हा चोरते. धार काढणारा माणूस बदलला तरी चोरते. रेडकू मेलं, तर लोक त्याच्या कातड्यात पेंढा भरून तिच्यासमोर उभं करायचे आणि ती बिचारी ते चाटत पान्हा सोडायची. तीस-पस्तीस वर्षं मी हे बघत आलो. तेव्हा शालननं एकदा म्हटलेलं मी कायमचं करून टाकलं.

उपचाराचं गणित मॅडमनी समजावलं. आधी तीन केमो, मग ऑपरेशन, मग परत तीन केमो. केमोथेरपी म्हणजे कॅन्सरच्या पेशी मारणारं औषध शिरेतून देणं. दर एकवीस दिवसांनी एक. सकाळी आठला जायचं, दुपारी चारला यायचं. रुग्ण आत आणि सोबतचा माणूस बाहेर रस्त्यावर. राजारामपुरीतल्या त्या गल्लीत मी एका बंद क्लासच्या पायरीवर दिवसभर बसायचो. आमच्यासारखी आणखी चार-पाच माणसं असायची. कुणाची आई आत, कुणाचा भाऊ. एकमेकांची नावं कधी विचारली नाहीत. कुणाचं रक्त वाढलं, कुणाचं कमी आलं, एवढं माहीत असायचं.

पहिल्या केमोनंतर सोळाव्या दिवशी शालनचे केस गेले. सकाळी ती उशी झटकत होती आणि झटकतच राहिली. तिची वेणी कमरेपर्यंत होती. तिनं ते सगळे केस स्वतःच गोळा केले, वर्तमानपत्रात बांधले आणि मला म्हणाली, टाकू नका, राहू द्या. कुठं ठेवू विचारलं तर म्हणाली, निळ्या बॅगेत.

रोज संध्याकाळी पाचला स्नेहलचा व्हिडिओ कॉल यायचा. त्याची तयारी आम्ही साडेचारपासून करायचो. खिडकीचा पडदा थोडा ओढायचा, म्हणजे चेहऱ्यावर उजेड कमी पडतो. भुवया गेल्या होत्या, तिथं काजळानं रेघ ओढायची. ठळक कुंकू. डोक्यावरून पदर, कपाळापर्यंत. मग मोबाइल डाळीच्या डब्याला टेकवून ठेवायचा, जरा लांब. सगळं मीच करायचो. नाटकात काम केलं नाही कधी, पण पडदा ओढायला शिकलो.

"आई, तू घरात पदर कधीपासनं घ्यायला लागलीस?" स्नेहलनं पहिल्याच आठवड्यात विचारलं.

शालन म्हणाली, थंडी वाजतीया. ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं. स्नेहल हसली, म्हणाली, आजी झालीस तर एकदम जुनी आजी झालीस. आणि तिकडून तिनं रेवाला, आमच्या नातीला, पुढं धरलं.

त्या पदराचाच पुढं खेळ झाला. शालन पदर तोंडावर ओढायची, म्हणायची "बुवाऽऽ", आणि एकदम खाली घ्यायची, "कुक!" रेवाला आधी काही कळत नव्हतं. तिसऱ्या महिन्यात ती हसायला लागली. मग फोन लावला की ती आधी पदराकडंच बघायची. कधी शालनला बसवत नसायचं, तोंडात फोड यायचे, पाणी गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. तरी पाचला ती उठून बसायची. कॉल संपला की आडवी व्हायची आणि दुसऱ्या दिवशी पाचपर्यंत तिला कशातच रस नसायचा.

ऑपरेशन झालं. त्याला डीबल्किंग म्हणतात, म्हणजे दिसेल तेवढी गाठ काढून टाकणं. मॅडम म्हणाल्या, दिसत होतं ते सगळं निघालं. दवाखान्यातल्या त्या पाच दिवसांत आम्ही स्नेहलला सांगितलं की मोबाइल बिघडलाय आणि दुकानं बंद आहेत. खोटं एकदा जमलं की पुढचं सोपं जातं. मी नोकरीत कधी लसीच्या नोंदी खोट्या लिहिल्या नाहीत, आणि इथं रोज एक नवीन थाप मारत होतो.

ऑपरेशननंतरचे केमो सुरू झाले तेव्हा कोल्हापुरात साथ ओसरली होती. रस्ते परत भरले होते. लोक लग्नं करत होते. अशा एका दुपारी स्नेहलचा मला एकट्याला फोन आला. रेवाचा पासपोर्ट आला होता. निवडक विमानं चालू झाली होती. रेवाला सहावा महिना लागत होता आणि तिचं उष्टावण कोल्हापुरात करावं, असं स्नेहलच्या मनात होतं.

"पप्पा, येऊ का आम्ही? खरं सांगा."

मी म्हटलं, विचारून सांगतो. कुणाला विचारणार, असं तिनं विचारलं नाही. तिला वाटलं असेल, आईला.

मी डॉक्टर मॅडमना विचारलं. पण कसं विचारलं ते ऐका. मी म्हटलं, केमो चालू असताना परदेशातून कोण पाहुणा आला तर चालेल का? मुलगी, असं म्हटलंच नाही. मॅडम म्हणाल्या, "केमोनंतर पांढऱ्या पेशी उतरतात, त्याला न्यूट्रोपेनिया म्हणतात. त्या काळात साधा सर्दी-तापही महागात पडतो. कोरोना झाला तर फार अवघड होईल. पण पाहुणा जवळचा असेल तर मार्ग आहे. त्यांनी आठ-दहा दिवस वेगळं राहायचं, दोन टेस्ट करायच्या, आणि पेशी वर आल्या की मग भेटायचं. काही लोकांनी केलंय असं आमच्याकडं."

हे त्यांचे शब्द जवळजवळ जसेच्या तसे आहेत. तेव्हाही मला पूर्ण ऐकू आले होते. घरी येऊन मी शालनला सांगितलं, मॅडम नको म्हणाल्या.

का केलं असं? खूपदा स्वतःला विचारलंय. तिकडं कसला तरी नवीन विषाणू निघाल्याच्या बातम्या होत्या. पाच महिन्यांचं मूल विमानात, चार ठिकाणी रांगा, अनोळखी माणसांचे श्वास. पोरीला खरं कळलं असतं तर ती मूल पोटाशी धरून पहिल्या विमानानं आली असती. मला बायकोचीही काळजी होती, मुलीचीही आणि नातीचीही. हे सगळं खरं आहे. पण याच्या खाली आणखी एक गोष्ट होती. एवढे महिने मी तिच्याशी खोटं बोललो, हे तिला दारात उभं राहून सांगायची मला भीती वाटत होती. ती भीती मी साथीच्या भीतीत मिसळून टाकली. दुधात पाणी घातलेलं मला वासावरून कळायचं म्हणतात, माझंच मला कळलं नाही.

संध्याकाळी पाचला कॉल लागला. स्नेहलनं आईला सरळ विचारलं, आई, येऊ का?

शालननं फोनच्या वरून माझ्याकडं बघितलं. मी मोबाइलच्या मागं उभा होतो, डाळीच्या डब्याजवळ. मी मान हलवली, नको अशी.

शालन म्हणाली, "नको गं बाळ. लेकरू ल्हान हाय. निवळू दे की सगळं, मग ये."

स्नेहलचा चेहरा उतरला आणि मग जरा सैलही झाला. म्हणाली, मलाही तसंच वाटत होतं आई, अभिजितपण तेच म्हणत होता. अभिजित आमचे जावई. त्या दोघांनी सगळा विचार केला होता. विषाणू, विमान, लहान मूल, इकडं अडकलो तर नोकरीचं काय. तिनं तिच्याजवळ होतं तेवढं सगळं तराजूत घातलं होतं. दुसऱ्या पारड्यात काय ठेवायचं, ते मी तिला दिलंच नव्हतं.

कॉल बंद झाल्यावर शालननं पदर खाली घेतला आणि म्हणाली, सांगूया तिला. मी म्हटलं, अजून अंगावर पाजतीया ती, धक्का बसला आणि दूध आटलं तर? तिकडं कोण हाय तिला?

"ती माझी लेक हाय," शालन म्हणाली, "म्हस न्हाय."

मी ऐकलं आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसलो. त्या दिवशी मी फोन करून खरं सांगितलं असतं तर स्नेहलला आईजवळ सहा-सात महिने मिळाले असते. महिने मी मोजलेत.

सहावा केमो संपला. सीए-१२५ म्हणजे या कॅन्सरची रक्तातली खूण, ती खाली आली. डोक्यावर लव आली, मऊ, करड्या रंगाची. शालन आरशात बघून म्हणाली, रेवाचं जावळ आणि माझं संगंच यायला लागलंय. आता निवांत बोलवू पोरीला, असं ठरलं. सांगायचंही ठरलं. आली की समोरासमोर सांगू, आता बरी झालीया म्हणून सांगू.

तेवढ्यात दुसरी लाट आली. ती कशी होती, ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. आमच्या गल्लीतली तीन माणसं गेली. विमानं परत बंद. निवळल्यावर ये, निवळल्यावर ये. हा शब्द आम्ही इतक्या वेळा वापरला की त्याचा अर्थच गेला.

ती लाट उतरायला लागली तेव्हा एका सकाळी शालन परकर नेसता नेसता थांबली. मला हाक मारली. नाडीकडं बोट दाखवलं. या वेळी चेष्टा कुणी केली नाही.

त्याला रिकरन्स म्हणतात, म्हणजे परत येणं. सहा महिन्यांच्या आत आला तर तेच औषध सहसा परत लागू पडत नाही. मॅडमनी या वेळी प्लॅस्टिकचा पडदा बाजूला केला आणि शालनलाही आत बोलावलं. म्हणाल्या, "आता बरं करायचं औषध माझ्याकडं नाही. बरं वाटायचं आहे. त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. दुखू देणार नाही, पाणी काढत राहू, घरीच ठेवू." किती दिवस, असं शालननंच विचारलं. मॅडम म्हणाल्या, आठवडे म्हणूया, महिने नको म्हणूया.

मग त्यांनी विचारलं, मुलं किती. मी म्हटलं, एक मुलगी, जर्मनीला असते. तिला माहीत आहे ना? मी खाली बघितलं. शालनही माझ्या मदतीला आली नाही.

मॅडमनी लिहिणं थांबवलं. "परदेशातला पाहुणा म्हणजे मुलगी होती होय, काका?" त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला मार्ग सांगितला होता की." त्यांचा आवाज चढला नाही. पेन खाली ठेवून म्हणाल्या, "बाहेर जाऊन पहिल्यांदा फोन करा. गोळ्या मी नंतर लिहिते."

शालनला तेव्हा कळलं की मॅडम नको म्हणाल्या नव्हत्या. ती माझ्याकडं बघेल असं मला वाटलं. तिनं नुसता माझ्या हातातला फोन घेतला, स्नेहलचा नंबर लावला आणि परत माझ्या हातात दिला.

त्याच पायरीवर बसून मी सांगितलं. सगळं. नाव, स्टेज, ऑपरेशन, केस, काजळ. पलीकडं रेवाच्या बडबडीचा आवाज येत होता. स्नेहलनं एकच विचारलं, कधीपासून? मी म्हटलं, रेवा बारा दिवसांची होती.

ती म्हणाली, "मी विचारलं होतं, पप्पा. येऊ का, असं मी तुम्हाला विचारलं होतं."

मी म्हटलं, साथ होती, बाळ लहान होतं.

"ते माझं बाळ होतं. ठरवायचं मी होतं. तुम्ही न्हाई." आणि लगेच, "ठेवते. तिकिटं बघते."

एका तासात तिनं ठरवलं. अभिजितना काळजी होती, तिकडच्या तिच्या मैत्रिणी नको म्हणत होत्या. रेवा दहा महिन्यांची, साथ अजून संपलेली नाही, इकडं डॉक्टर मिळेल का, परत जाता येईल का, सगळे प्रश्न तेच होते. पण आता दोन्ही पारड्यांत माल होता. ती म्हणाली, मला काय होईल ते होऊ दे, रेवाला जपायची जबाबदारी माझी. ठरवायला एक तास आणि यायला तीन आठवडे लागले. एक विमान रद्द झालं. मग रेवाला ताप आला, तो साधाच निघाला, पण टेस्टचा निकाल येईपर्यंत दुसरंही विमान गेलं.

आल्यावर मॅडमच्या सांगण्याप्रमाणे ती सात दिवस पलीकडच्या गल्लीत, माझ्या मित्राच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये राहिली. संध्याकाळी पाचला रेवाला कडेवर घेऊन आमच्या बाल्कनीखाली उभी राहायची. शालनला मी खुर्चीत बसवून बाहेर आणायचो. दोन मजल्यांचं अंतर. दोघी फोनवरच बोलायच्या, एकमेकींकडं बघत. त्या सात दिवसांत शालननं पदर घेतला नाही. गाऊन घालून, उघड्या डोक्यानं ती बाहेर यायची. म्हणाली, आता बघू दे तिला, कशी हाय तशी.

आठव्या दिवशी त्या दोघी वर आल्या. स्नेहल आईच्या पायांशी बसली आणि तिची पावलं कुरवाळत राहिली. रडणं दोघींचंही झालं, पण थोडकंच. मग तिनं रेवाला पलंगावर ठेवलं.

रेवानं शालनकडं बघितलं. वाळलेला चेहरा, डोक्यावर पातळ लव, भुवया नाहीत. पोर किंचाळली. आईकडं वळून तिच्या गळ्यात शिरली आणि थांबेचना. शालन म्हणाली, न्हे तिला बाहेर, भ्याली ती. आणि तोंड भिंतीकडं केलं. एवढ्या दुखण्यात तिचं असं तोंड मी बघितलं नव्हतं.

सुचलं ते स्नेहलला. तिनं आपल्या गळ्यातली ओढणी काढली, आईच्या डोक्यावर टाकली आणि कपाळापर्यंत ओढून घेतली. बारीक आवाजात म्हणाली, "आई, बुवा कर."

शालनचा हात उचलत नव्हता. मी तिचं मनगट धरलं. ओढणी तिच्या तोंडावर आली. आतून अगदी बारीक आवाज आला, "बुवाऽऽ". रेवा रडायची थांबली. ओढणी खाली आली. "कुक."

पोर एकदम हसली. दोन्ही हात पुढं करून आजीच्या अंगावर झेपावली. रोज पाच वाजता दिसणारी तिची आजी तिला सापडली होती.

पेंढा भरलेलं रेडकू उभं करावं, तशी मी वर्षभर लेकीसमोर आई उभी केली होती. त्या ढोंगातलं तेवढं एक, शालनचं स्वतःचं, खरं होतं. पोरीनं ते ओळखलं. त्याचं श्रेय माझं नाही.

पुढं अकरा दिवस मिळाले. कपाटावरची निळी बॅग खाली निघाली. वर्षभर पडून राहिलेल्या आळिवाचे लाडू काही झाले नाहीत, पण दुपटी निघाली. रेवाला आता ती पुरत नव्हती, तरी शालननं एक तिच्या अंगावर घातलं. केसांची पुडी स्नेहलनं उघडली, बघितली आणि आपल्याजवळ ठेवली. उष्टावणाचं वय केव्हाच निघून गेलेलं. तरी शालननं मऊ भाताचं एक शीत बोटावर घेऊन तिला चारलं. त्याच दिवशी मी शालनची माफी मागितली. ती म्हणाली, "तुम्ही एकट्यानं न्हाई केलं. मान तुम्ही हलवलीसा, बोलले मीच की." तिनं माझा निम्मा भार असा उचलून घेतला. मी तो तिला द्यायला नको होता.

अकराव्या दिवशी सकाळी ती गेली. दुखलं नाही. मॅडमनी शब्द पाळला. त्यांचे, केमोच्या खोलीतल्या सिस्टरांचे आणि पायरीवरच्या त्या बिननावाच्या माणसांचे उपकार मी विसरणार नाही.

स्नेहल मला रागावून बोलली नाही. ती परत जाताना मी विमानतळावर म्हटलं, चुकलं माझं. ती म्हणाली, हो. बस, एवढंच. मला तेवढं पुरलं. खोटं बोलून सांत्वन करणारी माणसं आता मला नकोत.

तुमच्यापैकी कुणाचं माणूस दूर देशी असेल, मध्ये साथ असेल, आणि इकडं घरात कुणी आजारी असेल, तर यायचं की नाही याचं एकच बरोबर उत्तर नसतं. कुणी येऊन पस्तावतं, कुणी न येऊन. पण ज्याला ठरवायचं आहे त्याला सगळं सांगा. डॉक्टर जे बोलले ते अर्धं नाही, पूर्ण सांगा. आणि दूध आटत नाही म्हणे. मी मॅडमना नंतर विचारलं. धक्क्यानं दोन दिवस कमी येतं, बाळ पाजत राहिलं की परत येतं. म्हशीचंही तसंच असतं. मला ते ठाऊक होतं.

गेल्या महिन्यात माझ्या लघवीत रक्त दिसलं. दवाखान्यात गेलो. सोनोग्राफीत मूत्राशयात काही तरी दिसतंय, दुर्बिणीनं आत बघावं लागेल, त्याला सिस्टोस्कोपी म्हणतात, असं डॉक्टर म्हणाले. रिपोर्ट हातात पडला आणि मी तिथंच बाकावर बसून त्याचा फोटो स्नेहलला पाठवला. मग माझा चष्मा पुसला. तोवर फोन वाजला.

रेवा आता तिकडं शाळेत जाते. तिच्या शाळेत गोवराची साथ होती. वर्गातली चार मुलं घरी होती. हे तिनं मला आधी सांगितलं. मग विचारलं, "पप्पा, येऊ का?"

नको, हा शब्द अगदी ओठावर आला होता. मी तो गिळला. डॉक्टर काय म्हणाले ते पहिल्यापासून सांगितलं. गाठ साधी असू शकते, वाईटही असू शकते. दुर्बीण पुढच्या मंगळवारी. सोबतीला शेजारचे येतील. मला भीती वाटतीया, हेही सांगितलं. काही राहिलं का, ते एकदा मनात बघून घेतलं.

"एवढं हाय बघ," मी म्हटलं. "आता तू ठरव."